आंब्याच्या फायलीत अंजीर

सोमवार, ३ जून
मोठ्या कामांची नोंद असावी, म्हणून आजपासून रोज लिहायचं. आमच्या कोशात तीनशे बारा झाडं, प्रत्येकाची वेगळी फाइल. छापखान्याला सगळं एकत्र हवंय. संपादककाका एकेक फाइल उघडून चिकटवत बसणार होते. म्हटलं, मी प्रोग्राम लिहिते. शुक्रवारी माझं प्रोबेशन संपतंय, हा निव्वळ योगायोग.

बुधवार, ५ जून
प्रोग्राम तयार. नाव 'गोळा'. पुढे चांदणी (*) टाकायची, म्हणजे 'सगळ्या फायली'. नावं माझा प्रोग्राम स्वतः शोधतो. त्यापुढे आणखी एक नाव दिलं, तर सगळं त्या फायलीत भरतो. नाही दिलं, तर 'एकत्र' नावाची नवी फाइल करतो. घरच्या विंडोजवर चार वेळा चालवला. चारही वेळा पास. पाचवी कशाला?

सर्व्हर सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, इथे लिनक्स आहे, चांदणी तुझ्या प्रोग्रामपर्यंत पोचायच्या आधीच उलगडून तिच्या जागी फायलींची नावं येतात, खोट्या फायलींवर चालवून बघ. बारा वर्षं एकाच खुर्चीत बसलं की नव्याची भीती वाटते. वाईट वाटलं त्यांच्याबद्दल.

जेवताना पप्पांना गंमत म्हणून सांगितलं. ते दवाखान्याच्या दारावर असतात. म्हणाले, "आमच्याकडे डॉक्टर आतून नावं पुकारतात. समोरच्या दवाखान्यात दारावरचा माणूसच पुकारतो. तुमच्याकडे कोण पुकारतं, विचारलंस का?" कुठे कॉम्प्युटर, कुठे दवाखाना! घरातली पहिली पदवीधर मी, समजून घ्यावं लागतं. आई म्हणाली, विचार गं, जीभ झिजत नाही.

गुरुवार, ६ जून
सगळ्यांसमोर चालवला. घरी नऊ सेकंद लागायचे. इथे बोट उचलायच्या आत काम फत्ते. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ताई नेमक्या रजेवर. हुकलं त्यांचं.

शुक्रवार, ७ जून
'एकत्र' सापडेना. आंबा उघडला, आत अंजीर. अंजीर उघडलं, आतही अंजीर.
ताईंनी समजावलं. सर्व्हरने चांदणीच्या जागी तीनशे बारा नावं लिहून दिली. माझ्या प्रोग्रामने पहिलं घेतलं, 'हे गोळा करायचं': अंजीर. दुसरं घेतलं, 'इथे भरायचं': आंबा. बाकीच्यांकडे पाहिलंच नाही. थोडक्यात, प्रोग्राम बरोबर आहे, सर्व्हर आगाऊ आहे.
बॅकअप रविवारचा. काका आंबा सोमवारपासून लिहीत होते. अकरा पानं. साहेब म्हणाले, कायम करायचं पत्र आंबा परत उभा राहिला की बघू.

सोमवार, १० जून
काका सांगतात, मी टाइप करते. रागाचा एक शब्द नाही. त्यामुळे फार अवघड जातं.
तिसऱ्या पानावर ते अडले. मग म्हणाले, "इथे कलमांबद्दल काहीतरी छान जमलं होतं. तू वाचलं असशील ना? काय होतं गं?"
वाचलं नव्हतं. तीनशे बारांपैकी एकही नाही. तसं सांगितलं.
काका म्हणाले, "बरं. पुढचं घे."