शेवटच्या तासाची सही

३० जानेवारी, शुक्रवार

पप्पा सकाळी पांढरा शर्ट घालून गेले. इस्त्रीही स्वतःच केली. कुठे निघालात, तर म्हणे "काम आहे." कसलं काम? पवईच्या ऑफिसात नवा कॉन्ट्रॅक्टर आला आणि पप्पांसकट पन्नाशीच्या वरचे सगळे गार्ड घरी बसवले, त्याला चार महिने झाले. दुपारी आले ते एकदम खुशीत. कोणापुढे तरी हात पसरलेत, दुसरं काय!

बी.एड.च्या फीचा दुसरा हप्ता पंधरा तारखेला आहे. माझा क्लासचा पगार घरातच संपतो. तोही शेवटचा तास बुडवून, चार वाजता पळ काढून मिळवलेला. वर्गातली उत्तरा हजेरीवर माझी सही करते म्हणून निभतंय. घरी सांगून ठेवलंय की कॉलेजची परवानगी आहे. नाहीतर पप्पांनी मला जाऊच दिलं नसतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

क्लासवर सातवीला अपूर्णांक शिकवत होते. उत्तराचा फोन. "अगं वाट लागली! प्राचार्य मॅडम आल्या शेवटच्या तासाला. तुझी सही दिसतेय आणि तू नाहीस."

दीड वर्षात मॅडम त्या तासाला एकदाही फिरकल्या नाहीत. आज बरोबर आल्या. कोणीतरी सांगितलंय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "चार वाजता निघतेस, घाटकोपरला क्लासवर शिकवतेस, सात हजार मिळतात. खरं की खोटं?"

सात हजार! कॉलेजात हा आकडा फक्त उत्तराला माहीत आहे. मीच सांगितला होता, गोवंडीच्या शाळेत सराव-पाठ घ्यायला जाताना. तोंडाला कुलूप नाही माझ्या.

"सही कोण करतं?" नाव सांगायला शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. नाही सांगितलं तर परीक्षेला बसता येणार नाही.

४ फेब्रुवारी

उत्तरावर नजर ठेवली. सकाळी ऑफिसच्या दाराशी उभी होती. मला बघितल्यावर म्हणते, "स्कॉलरशिपचा फॉर्म भरत होते." मी विचारलंच नव्हतं!

मधल्या सुट्टीत सुकटीची चटणी पुढे केली. "आईने खास तुझ्यासाठी दिलीय." तिची आई खारदांड्याला मासळी विकते, चटणी एरवीही येते. पण आजच 'खास' का? मी नको म्हटलं. मग हळूच म्हणाली, "माझं नाव नाही ना घेतलंस? माझ्या घरी कळलं ना, तर संपलंच यार."

ही भीती, की चाचपणी?

घरी आले तर पप्पांचं वेगळंच. "कॉलेजवाले काही बोलले का गं?" यांना काय कळलंय? उत्तराने इथेही फोन केला की काय! मी "काही नाही" म्हटलं. त्यांचं तोंड उतरलं.

५ फेब्रुवारी

उत्तराच्या पाठाला 'उत्तम' शेरा. मिळालं बक्षीस!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. उत्तराचं नाव सांगितलं. मॅडमनी ते शांतपणे लिहून घेतलं.

मला माफीनामा लिहून द्यायचा आहे आणि बुडालेले तास भरून काढायचे आहेत. परीक्षेला बसू देतील. उत्तराला नाही. "दुसऱ्याची सही करणारी उद्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणार का?" असं मॅडम म्हणाल्या. तिचं वर्ष गेलं.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. "तू सांगितलंस?"

"सुरुवात कोणी केली?" मी म्हटलं.

"कसली सुरुवात?" काही ठाऊकच नाही असं तोंड! नाटक झकास करते.

८ फेब्रुवारी, रविवार

तिच्या चटणीचा जुना डबा मोरीच्या फळीवर आहे. आई म्हणते, परत कर. उद्या बघू.

जेवण जात नाही. करायचं तेच केलं मी. तिने आधी केलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसमधल्या शकुताईंनी हाक मारली. "तुझ्या वडिलांचा अर्ज मंजूर झाला गं. हप्त्याला जूनपर्यंत मुदत. किती साधा माणूस! तासभर बाकावर बसले होते, मग मॅडमना भेटूनच गेले."

कागद हातात दिला. पप्पांचं अक्षर. तारीख ३० जानेवारी.

"माझी मुलगी कु. अक्षता आपल्या परवानगीने रोज दुपारी चार वाजता निघून घाटकोपर येथे क्लासवर शिकवते. सात हजारांत ती आमचे घर चालवते. तिच्यावर दया करावी. आपला नम्र, धोंडिराम."

आपल्या परवानगीने!

उत्तराला तिथूनच चार फोन केले. तिने एकही उचलला नाही.

घरी पोचले तर पप्पा दारातच उभे. "कॉलेजवाले काही बोलले?" मुदत मिळाली म्हटलं. "बघ, खरं सांगितलं की ऐकतात लोक," म्हणाले, आणि आईला शिरा करायला सांगितला.

मी दोन वाट्या खाल्ला.