आजोबांच्या नावातलं एक अक्षर

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून सध्या सातच अंगांनी). तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण तुम्ही ‘ठणठणीत’ असंच लिहिणार, आणि मामी गेल्यापासून तो शब्द तुम्ही जरा जास्तच ठळक काढता. इथे परदेशात मीही ठणठणीत आहे. खोली उबदार, शेजार शांत (इतका, की भिंतीपलीकडे माणूस आहे की कपाट, हे अजून कळलेलं नाही), आणि दारावरच्या पाट्या करणाऱ्या दुकानातली नोकरी टिकून आहे. मागच्या आठवड्यात मात्र ती जाता जाता राहिली.

झालं असं, की एक कोरियन आजी आल्या. त्यांच्या लिपीत दोन नावांची पाटी हवी होती, त्यांचं आणि यजमानांचं. म्हटलं, त्यात काय! पण मामा, त्यांची अक्षरं आपल्यासारखी एका रेषेला लोंबकळत नाहीत. दोन-तीन सुटी अक्षरं एका चौकोनात दाटीवाटीने बसतात, एका पलंगावर झोपलेल्या भावंडांसारखी. संगणकाला कळतात फक्त आकडे, म्हणून अशा प्रत्येक चौकोनाला एक आकडा दिलेला असतो. आमचं कोरीवकामाचं यंत्र जुनं. त्याच्या यादीत रोजच्या वापरातले दोन-अडीच हजार चौकोन आहेत आणि आजोबांच्या नावातला दुसरा नेमका त्यात नाही. यंत्राने तिथे रिकामी चौकट कोरली. (त्यांच्यात एक अक्षर खरोखरच चौकटीसारखं असतं. मी समाधानाने पाटी पुसून ठेवली.) आजींनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, “हे माझे यजमान नव्हेत.”

मग मी यंत्राला सुटी अक्षरं दिली. नवी यंत्रं ती आपणहून जुळवतात म्हणे. आमच्याने ती दोरीवर कपडे घातल्यासारखी ओळीने वाळत घातली. आजी म्हणाल्या, “आता यांना अपघात झाल्यासारखा दिसतोय.”

दोन पाट्या वाया गेल्यावर मालक ओरडले, “जवळचं दुसरं अक्षर टाक आणि मोकळा हो! दारावर कोण वाचतंय?” मी तसं आजींना सुचवलं. त्या रागावल्या नाहीत. “बँकेतही हेच म्हणाले, कचेरीतही. आयुष्यभर दुसऱ्याच नावाला ओ दिली त्यांनी. घराच्या दारावर तरी नको.” मी म्हटलं, मग आजोबांनाच एकदा घेऊन या, ते तपासतील. त्यावर त्या म्हणाल्या, “ते गेले. मी एकटी राहते, हे दाराला कशाला कळायला हवं?”

सुट्टीचा दिवस मी त्यातच घालवला (दुसरं काही नव्हतंच, ही तक्रार नव्हे). संगणकांच्या नव्या यादीत, मामा, त्यांच्या लिपीत आज बनू शकेल असा एकूण एक चौकोन आहे, अकरा हजारांच्या वर. त्यातले कितीतरी कुणाच्या तोंडात कधी येतच नाहीत. ज्याला कुणी हाक मारत नाही, त्यालाही तिथे स्वतःची जागा! मला उगाचच बरं वाटलं. आजोबांचं अक्षर तिथे सापडलं. त्याचं चित्र काढून यंत्राला भरवलं, आणि मालकांनी पुटपुटत का होईना, पाटीला खिळ्यांची भोकं स्वतः पाडून दिली.

पाटी लावायला मीच गेलो. आजींनी अक्षरावरून बोट फिरवलं आणि आतल्या खोलीतल्या माणसाला बोलवावं तसं ते नाव मोठ्याने घेतलं. आणि मामा, ‘ओ’ यायची मीसुद्धा वाट पाहिली.

असो. माझी काळजी करू नका, एकटं राहायची मला छान सवय झाली आहे.

तुमचा,
भाचा

ता. क. पत्र्याचा एक तुकडा उरला होता, त्याची माझ्या दाराला पाटी केली. वर तुमचं नाव (वयाचा मान), खाली माझं. मालकांनी विचारलं, वरचे कोण? म्हटलं, घरातले, सध्या बाहेरगावी गेलेत. जिना दोनच मजल्यांचा आहे, कठडा भक्कम. या. राहायलाच या.

ता. क. (दुसरा) ‘नको’ म्हणायचं असेल तर फोन करू नका, पत्रानेच कळवा. पत्र यायला पुष्कळ दिवस लागतात.