केबलवर न आलेलं नाव

९ नोव्हेंबर १९९८, केज

सकाळची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. दुसरी घ्यावी तर जास्त होईल. घेतली नाही. छातीत धडधड आहेच.

काल केबलवर साडेसातच्या बातम्या बघितल्या. पंधरा मिनिटांतली बारा आबासाहेब. उद्घाटनाची नाली एकच, पण रफिकनं तीन बाजूंनी दाखवली, लग्नात नवरी दाखवतो तशी. कॅमेरा लग्नाचाच आहे, त्याचा तरी काय दोष. निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभ्या मन्मथच्या पॅनेलची परवा पेठेत सभा झाली, माणूस मावत नव्हता. तिचं एक चित्र नाही. वाचणारा माझाच मुलगा. बसूचा आवाज चांगला आहे, तोंड मात्र कोणाचं आहे कळत नाही.

१२ नोव्हेंबर

मन्मथ दुकानातून उठून समोर आला. चौथीपर्यंत एका बाकावर बसलो आम्ही, त्यानंतर पन्नास वर्षं समोरासमोर दुकानं. त्याचं किराणा, माझं भांड्याचं. माझं आता बंद आहे, ओट्यावर नुसता बसतो. म्हणाला, तुझ्या बसूच्या कॅमेऱ्याची मान आखडली काय, एकाच अंगाला बघायलाय. मी हसलो. हसायला नको होतं.

त्याला कसं सांगावं. केबलची खोली आबासाहेबांच्या माडीवर आहे, छत्री त्यांच्या गच्चीवर. उतरवा म्हणाले तर संध्याकाळपर्यंत गाव आंधळं, आणि बसू घरी.

१६ नोव्हेंबर

लोक बातम्या कशासाठी बघतात, ते मला ठाऊक आहे. आबासाहेबांसाठी नाही. मयतीच्या पट्टीसाठी. कोण गेलं, माती किती वाजता, हे खालून सरकत जातं, तेवढ्यासाठी अख्खं केज साडेसातला टीव्हीसमोर. आधी पट्टी सुरुवातीला यायची, ती वाचून लोक टीव्ही बंद करायचे. बसूनं ती शेवटी टाकली. आता मयत कोण ते कळेपर्यंत आबासाहेब बघावे लागतात. मला तेव्हा त्याचं डोकं फार चाललं असं वाटलं होतं. चार जणांत कौतुकही केलं.

पूर्वी आमच्या लिंगायतांत कोणी लिंगैक्य झालं की सांगायला मी आणि मन्मथ निघायचो. वरची गल्ली त्याची, खालची माझी. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, नाव आणि वेळ सांगायची, पाणीसुद्धा न घेता पुढच्या दाराला. पट्टी सुरू झाली तशी दोन वर्षं निघालो नाही. गुडघ्यांना बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ नोव्हेंबर

आबासाहेबांचा माणूस आला होता, जाडा, अंगठ्यावाला. बाजेवर बसून चहा घेतला, तब्येत विचारली. रागावला नाही, हेच वाईट. जाताना म्हणाला, "अप्पा, बसू परवा मन्मथसेठची दोन मिनिटं दाखवतो म्हणत होता. दाखवू द्या की. गच्ची साहेबांची हाय, तेवढं ध्यानात असलं म्हंजे झालं."



२० नोव्हेंबर

बसू ऐकत नव्हता. त्याचं म्हणणं, एकाच बाजूचं दाखवून लोक आता तोंडावर हसायला लागले, दोन मिनिटं मन्मथकाकाला दिली तर आपली पत राहते. पत खाणार का, असं मी म्हणालो. मग काठी टेकत स्वतः माडीवर गेलो, चौदा पायऱ्या. रफिक पट्टी लिहीत होता. दोघांच्या समोर सांगितलं, "मतदान होईपर्यंत मन्मथचं नाव केबलवर येता कामा नये. कोणत्याच निमित्तानं."

रफिक आज्ञाधारक माणूस. व्हीसीआरच्या वर भिंतीला कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात. विसरायला नको म्हणून.

 खाली उतरताना बसूनं माझा हात धरला.

२३ नोव्हेंबर

मन्मथला कळलंय. कोणी सांगितलं कोण जाणे. समोरून ओरडला, सगळ्या पेठेत ऐकू जाईल असं. "केबलवर दिसलो न्हाई म्हणून मी न्हाईच का बे?" आणि हसला. त्याला खोकला झालाय. डॉक्टरला दाखव म्हणायचं होतं, मध्ये रस्ता होता, राहिलं.

२७ नोव्हेंबर

उद्या बीडला. डोळ्याच्या डॉक्टरकडे, मुक्काम मुलीकडे. एसटीत जागा मिळेल का. थेंबाची बाटली पिशवीत आहे, दोनदा बघितली.

२९ नोव्हेंबर

मन्मथ गेला.

काल दुपारी तीनला, गल्ल्यावर बसल्या बसल्या. आज सकाळी नऊला माती. मी दीडला स्टँडवर उतरलो, रिक्षावाल्यानं सांगितलं. पिशवीसकट तसाच पेठेत गेलो.

त्याचं दुकान बंद, ओट्यावर कुत्रं. घरी बायको सांगते, आमच्या गल्लीत कोणालाच वेळेत कळलं नाही. कालची पट्टी आली होती, तिच्यात दोन मयती होत्या, मन्मथ नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाचं असतं तर आलं असतं, असंच सगळ्यांना वाटलं. पेठेतली गडबड लोकांना प्रचाराचीच वाटली. सकाळी कळलं तेव्हा मयतीचं विमान निघून गेलं होतं. देह बसवून न्यायचा तर खांदे बदलायला माणसं लागतात. पॅनेलची माणसं खेड्यांत प्रचाराला पांगलेली, एका बाजूला हमाल लावावे लागले म्हणे. ज्यानं चाळीस वर्षं दारोदार दुसऱ्यांच्या मयती सांगितल्या, त्याच्यामागं वीस माणसं नव्हती.

३० नोव्हेंबर

बसू परवा आबासाहेबांच्या सभेला युसूफ वडगावला गेला होता, खोलीत रफिक एकटा. मन्मथच्या पोरानं साडेचारला मयतीची चिठ्ठी आणून दिली. रफिकनं घेतली. मग भिंतीकडे बघितलं.

मी त्याला लई बोललो. मयत आणि प्रचार एक आहे का बे, अक्कल आहे का. तो मान खाली घालून ऐकत होता. मग एवढंच म्हणाला, "अप्पा, तुमीच म्हणलाव, कोणत्याच निमित्तानं. मी इचारायला खाली आलतो. तुमी बीडला गेलते."

कागद अजून भिंतीवर होता. मी काढला. खिशात ठेवला. फाडायला हात होईना.

१ डिसेंबर

मन्मथच्या घरी, गंगावहिनींकडे गेलो. मन्मथची टोपी खुंटीवर. वहिनी रडल्या नाहीत. विचारलं, "अप्पा, तुमच्या टीव्हीवर ह्यांचं कावून आलं न्हाई?"

मी म्हणालो, लाइट गेली होती माडीवरची. मशीन बंद पडली.

त्या म्हणाल्या, "लाइट होती की. ह्यांच्यापाशी बसून आमी पट्टी बघितली. पोरगं म्हणलं, आता येतंय बाबांचं, आता येतंय."

पाणी दिलं त्यांनी. प्यायलो. कसा प्यायलो.

३ डिसेंबर

आज मन्मथचं नाव केबलवर आलं. आबासाहेब सांत्वनाला गेले होते. रफिकनं बाहेर जोडे काढण्यापासून दाखवलं. विरोधात असूनही मोठं मन, राजकारण वेगळं, माणुसकी वेगळी, असं बसूनं वाचलं. वाचताना एक शब्द अडखळला. गंगावहिनी एका कोपऱ्यात, अर्ध्याच. मन्मथचा फोटो दिसला, पण पुढं आबासाहेबांचा खांदा.

अख्ख्या गावानं बघितलं म्हणे. आजच्याइतक्या कोणत्याच बातम्या बघितल्या नव्हत्या. अंगठ्यावाल्यानं पेढे पाठवले. मी झाकून ठेवले. सकाळपर्यंत मुंग्या लागतील.

५ डिसेंबर

बसू दोन दिवस नीट बोलत नाही. मीच विषय काढला, रागवायचं तर माझ्यावर रागव. तो म्हणाला, "तुमच्यावर कशाला. वाचलं मी. तुमी फक्त सांगितलं."

हे माझ्या बाजूनं बोलला की विरोधात, रात्रभर उलटसुलट केलं.

८ डिसेंबर

परवा तेराव्या दिवसाचा प्रसाद. मन्मथच्या पोरानं या वेळी चिठ्ठी केबलवर दिलीच नाही. मी बसूला म्हणालो, आपणहून टाक. त्याला अंगठ्यावाल्याला विचारावं लागेल. मतदान रविवारी, प्रसाद गुरुवारी, त्यांना गर्दी नको आहे. तो विचारतो म्हणाला. मी म्हणालो, नको विचारू.

गुडघ्याला तेल लावून घेतलं.

९ डिसेंबर

आज निघालो. खालची गल्ली, माझी, दुपारपर्यंत झाली. बहुतेक दारांत पोरीबाळींना कळेना म्हातारा काय सांगतोय. एकीनं जोगवा मागायला आलोय समजून पीठ आणलं. दोन ठिकाणी बसा म्हणाले, बसलो नाही. एका दारात शिंप्याची म्हातारी, माझ्याच वयाची, टीव्ही समोर चालू. म्हणाली, "अप्पा, तुमच्याच घरची केबल, अन् तुमी कावून पायी फिरायलाव?"

 नाव सांगितलं, वेळ सांगितली, पुढं गेलो.

चारनंतर वरची गल्ली धरली. ही मन्मथची. त्याचा क्रम मला माहीत नाही, कोणत्या दारापासून सुरू करायचा ते कधी विचारलं नाही. चढावरून खाली येत गेलो. साडेसातला निम्मी झाली होती. एकेका खिडकीतून बसूचाच आवाज येत होता, सगळ्या घरांतून एकदम. पट्टी यायच्या आत पुढच्या दाराकडे वळलो, बघायला थांबलो नाही. त्यात मन्मथचं नाव आलं की नाही, घरी येऊन कोणाला विचारलंही नाही.

उद्या पहाटे उरलेली दारं करायची. आठ आहेत. शेवटचं गंगावहिनींचं. तिथं प्रसादाचं सांगायची गरज नाही, तो त्यांच्याच घरी आहे. पण ते दार सोडून गल्ली पूर्ण होत नाही. भिंतीवरचा कागद खिशातच आहे; लाइट गेली नव्हती, तेवढं तिथं सांगायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पाणी घ्यायचं नाही, एवढं ठरलंय.