एका कागदावर दोन दिवस

३ फेब्रुवारी

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

आज फळवाल्याकडे एक बाई टरबुजावर टिचक्या मारत उभी होती आणि मला एकदम आपले बाबा दिसले. ते टिचकी मारायचे आणि आपण दोघी दोन बाजूंनी कान लावायचो. तू दर वेळी ठामपणे पिकलंय म्हणायचीस आणि दर वेळी ते कच्चं निघायचं. शाळेच्या तळघरात भूकंपमापक सांभाळणाऱ्या सिस्टरना आपण हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, की त्यांचाही धंदा हाच आहे. पृथ्वी काही कापून बघता येत नाही. माणसानं खणलेलं सगळ्यात खोल भोक बारा किलोमीटरचं, आणि मध्यापर्यंत सहा हजारांहून जास्त. म्हणजे सालसुद्धा भेदली नाही. तेव्हा कुठेतरी भूकंपानं टिचकी मारावी आणि आपण दूर बसून ऐकावं.

तळघरातलं आपलं ते भूकंपमापक आता मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतच चालेल. डोंगरात नवं यंत्र बसवलंय, त्याला माणूस लागत नाही. सिस्टर गेल्यापासून रोज सकाळी आठला यंत्राच्या फिरत्या रुळावरचा कागद बदलणारी मी, आता आठ वाजता काय करायचं ते शिकावं लागेल.

जुने कागद न्यायला विद्यापीठातून एक संशोधक बाई येतात. वयानं तुझ्या लेकीएवढ्या, पण कागद उचलताना हात असे, की जणू पाळण्यातलं मूल उचलतायत. त्यांना नेमका एक कागद हवाय आणि तोच कपाटात नाही. नोंदवहीत त्या दिवसापुढे माझ्या अक्षरात ‘खराब’ एवढंच लिहिलंय. ठमे, तो तू गेलीस त्या शनिवारचा कागद आहे. तो माझ्या ट्रंकेच्या तळाशी आहे, आणि चौतीस वर्षांत मी तो उलगडलेला नाही.

फोनवर आपण दोघी हवापाणी आणि गुडघे यांच्यापुढे जात नाही, म्हणून पत्रात विचारते. त्या दिवशी तू मला न भेटता का गेलीस? रागावून विचारत नाही. राग केव्हाच विरला, प्रश्न तेवढा राहिलाय.

लेकीला आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा लेकीनं काढून घेतलं आणि आधी गोळ्या घे म्हणाली. इथे सध्या माझ्यावर तिचं राज्य आहे.

ताई, मी आले होते. गाडी साडेचारला यायची होती. चार वाजून गेल्यावर मी शाळेत आले, कारण चार ते पाच तू तळघरात आदल्या दिवशीचा कागद भिंगाखाली वाचत बसायचीस. त्यात तुझा कधी खाडा नव्हता. दार बंद होतं. दाराखालच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता. मी ठोठावलं. थांबले, परत ठोठावलं. मग शेवटच्या पायरीवर बसले. मला वाटलं, मी त्या जहाजावरच्या इंजिनिअरशी लग्न करून निघाले आणि बाबांचं सगळं करणं तुझ्या गळ्यात टाकलं, त्याचा हा राग. हाक मारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. वर हॉर्न वाजला तशी उठले.

म्हणून तर पहिली दोन वर्षं मी पत्र लिहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तू कायम त्या दारामागे श्वास रोखून उभी असतेस. किती घरं बदलली, यांचं आजारपण काढलं, हे गेले, लेक मोठी झाली, पण ते चित्र काही हललं नाही.

आता खरं सांग. तू आत होतीस ना? होतीस म्हणालीस तरी चालेल. मला नुसतं माहीत हवंय.

आणखी एक. हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर एप्रिलच्या शेवटी म्हणतात. तोवर प्रवास नाही, आणि नंतरचं ते नीट बोलत नाहीत. उन्हाळ्यात तिकडे येईन म्हणाले होते, ते आता तू धरू नकोस.

पृथ्वीच्या पोटात काय आहे ते कळवत जा. इथे कुणी मला त्यातलं काही सांगत नाही. लहान बहिणीवर जीव असू दे.

तुझी
ठमी


६ मार्च

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ट्रंक उपसली. कागद काढून टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि भिंग घेऊन बसले.

आधी हा कागद खराब कसा झाला ते सांगते. एक रेघ म्हणजे एक तास, चोवीस रेघा झाल्या की पेन मागे सरकवायचं आणि नवा कागद लावायचा. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेन मागे सरकवलं, घड्याळाला किल्ली दिली, आणि कागद तोच ठेवला. चोवीस तास पेन जुन्या रेघांवरच चालत राहिलं. एवढ्या वर्षांतली माझी ही एकच चूक, आणि ती लपवायला मी कागद घरी आणला.

दोन दिवस एकावर एक. पण दुसरा दिवस रविवार होता. शाळा बंद, जिन्यात कुणी नाही, रेघ सरळ. त्या कागदावर पावलांची जेवढी थरथर आहे, ती सगळी शनिवारची.

चार वाजून सात मिनिटांनी कुणीतरी जिना उतरलं आहे. मग टकटक. दोन मिनिटांनी परत टकटक. पुढे वीस मिनिटं रेघेला मध्येमध्ये बारीक काटे आहेत, एकसारख्या अंतरानं. ते काय असावं ते मला लगेच कळलं. पायरीवर बसलं की तू टाच आपटतेस. चर्चमध्येही आपटायचीस आणि मार मी खायचे. चार एकतीसला पावलं वर गेली आहेत, उतरताना होती त्याहून सावकाश.

आता माझं. मी आत नव्हते, ठमे. मी वर शिवणाच्या खोलीत खिडकीशी बसले होते. दिवा मुद्दाम चालू ठेवून, दार ओढून गेले होते. म्हटलं, येऊ दे, ठोठावू दे, शोधत वर येऊ दे. तू वर आली नाहीस. फाटकातून गाडी जाताना दिसली तेव्हा मी समजले, की तू शोधलंच नाहीस. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं असतंस तर उघडलं असतं. पण ढकलावं कशाला तू? ते माझ्याकडून उघडायला हवं होतं.

त्याच रात्री पावणेदोनला पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला मोठा भूकंप झाला. त्याची लाट थेट मधून आपल्या तळघरात यायला वीस मिनिटं लागली. वरचं पातळ कवच, मग हजारो किलोमीटर दगडाचं प्रावरण, मग वितळलेलं लोखंड, आणि मधोमध लोखंडाचाच घट्ट गोळा. एका जातीच्या लाटा त्या वितळलेल्या भागात शिरल्या की संपतात, पलीकडे पोचतच नाहीत. त्या आल्या नाहीत, यावरूनच माणसाला कळलं, की आत पातळ काहीतरी आहे. गेल्या वर्षी त्याच जागी तसाच भूकंप झाला. दोन्हींच्या रेघा जुळवून संशोधक बाईंना बघायचंय, की आतला गोळा मधल्या वर्षांत बाकीच्या पृथ्वीपेक्षा वेगळा फिरला का. शास्त्रज्ञांत त्यावरून वाद चालू आहे म्हणे. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला, तो बघून त्या खुर्चीवर बसल्याच. चारच्या रेघेवर काय आहे विचारलं. मी म्हटलं, माझी बहीण.

औषधं वेळेवर घे. माझ्यावर रागव, पण सावकाश, झडपेला सोसेल तेवढंच. आणि मग परत जवळ घे.

तुझी
ताई


१७ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

रागवायचं ठरवून बसले होते. पण चौतीस वर्षं मी ज्या दारामागे तुला उभं केलं होतं, तिथे कुणीच नव्हतं, हे वाचलं आणि आधी हसूच आलं. मग बराच वेळ नाही आलं. लेक म्हणते, आई दोन दिवस भांडी पुसताना गाते आहे.

तू येऊ नकोस. तुझी नजर मंद, इथे चार मजले आणि लिफ्ट आठवड्यातून तीन दिवस बंद. शिवाय माझी दुसरी खोली म्हणजे अडगळ. लेकीनं परवा ती रिकामी केली, पण ते असंच, साफसफाई म्हणून. एक पलंगही टाकलाय. तो काही तुझ्यासाठी नाही.

रोज चार वाजता मी खिडकीशी बसते. सवयच लागली आहे.

आठवण काढत जा.

तुझी
ठमी


२७ मार्च

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

परवा आठ वाजता शेवटचा कागद काढला आणि दुसरा लावला नाही. रूळ थोडा वेळ नुसता फिरला, मग मी घड्याळ थांबवलं.

येऊ नकोस म्हणालीस ते वाचलं. बारा एप्रिलचं तिकीट काढलंय. लेकीला सांग, लिफ्ट बंद असली तर मी जिन्यात मजल्यामजल्यावर बसत येईन. तू खाली उतरायचं नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात असेन, आणि नंतर किती दिवस ते ठरवायची मला घाई नाही. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

माझं वय बघता सगळं लिहून ठेवते. याची एक प्रत शाळेच्या मदरकडे दिली आहे. कपाटातले सगळे कागद आणि नोंदवह्या विद्यापीठाला. तळघराच्या किल्ल्या मदरना. मोठं भिंग भूगोलाच्या बाईंना, त्यांनी मुलींच्या हातात द्यावं, काचेच्या कपाटात नाही. सिस्टरांची शाल शिपाईणबाईंना, सिस्टरांच्या शेवटच्या रात्री त्याच उशाशी जागल्या होत्या. घड्याळ, ते चालू ठेवील अशा कुणालाही. माझी शाळेतली खोली पुढच्या मास्तरणीला, खिडकीची कडी सैल आहे हे तिला सांगावं. बाबांचा फोटो तुझ्या लेकीला.

तो एक कागद मी गुंडाळी करून सोबत आणते आहे. संशोधक बाईंनी त्याचं छायाचित्र घेतलंय, पण त्यांना मूळ कागदच लागणार, तेव्हा शेवटी तो त्यांचा. त्याआधी तुझा. तू डोळे भरून बघ, हवा तितके दिवस ठेव, आणि पुरे झालं म्हणशील तेव्हाच तो विद्यापीठाकडे जाईल. संशोधक बाईंना मी तसं सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, घाई नाही, आतला गोळा इतक्यात कुठे जात नाही.

तुझी
ताई