इल्वा कितवी आली

ब्योर्कलिया,
गुरुवार, १४ मार्च

प्रिय हालवर,

तू बरा असशील असं धरून लिहितेय. जबडा तारेनं बांधलाय म्हणजे सगळं नळीनंच घ्यावं लागत असणार. तुला माशाचं सूप आवडत नाही आणि तिथे नेमकं तेच देत असतील. इकडे गुरं ठीक आहेत. तांबडी व्यायली, कालवड झाली. शेजारचा कोरे दोन्ही वेळेला धार काढून जातो आणि जाताना माझ्या ओट्यावर दूध ठेवतो. तुझी इल्वा माझ्याकडेच आहे. जेवते, शाळेत जाते.

शुद्धीवर आल्यावर तू पहिला मेसेज मला पाठवलास. 'इल्वा कितवी आली?' एवढाच. मी उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील. फोनवर लिहायला बसले की तू मध्येच काहीतरी विचारतोस आणि मी नेहमीसारखी 'बरं, विश्रांती घे' म्हणून सुटका करून घेते. पत्राला मध्येच कुणी अडवू शकत नाही, म्हणून पत्र.

डॉक्टर म्हणाले, तुला शनिवारची सकाळ आठवते, गाडीच्या टपावर स्की बांधल्यापर्यंत. पुढे काही नाही. तेव्हा तो दिवस पहिल्यापासून सांगते.

आदल्या दिवशी पोरांच्या स्कीच्या मजेच्या दिवसासाठी सगळं गाव कामाला आलं होतं. कोरेनं मशीन फिरवून पोरांसाठी दोन चाकोऱ्या पाडल्या, तळ्याला वळसा घालून देवदारांतून परत मैदानावर. मध्ये प्लास्टिकचा बोगदा, दोन छोट्या उड्या, बादलीत बर्फाचे गोळे टाकायची जागा. झाडांमध्ये राक्षस. त्याला हसवल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. राक्षस यंदाही कोरेच, मेंढीचं कातडं आणि सुंभाची शेपूट लावून. वाट दाखवायला देवदाराच्या शेंड्या मी बर्फात रोवल्या. बर्फ वरून काचेसारखं गोठलं होतं, लोखंडी पहारेनं भोकं पाडावी लागली. ती पहार मी स्कीला मेण लावायच्या खोपटापाशी टेकवून ठेवली. हे लक्षात ठेव.

सकाळी तू आलास तेव्हा खुशीत होतास. खरंच होतास. ओड्नीकाकू वॉफलचं पीठ घोटत होत्या. त्यांना म्हणालास, "काकू, पहिलं वॉफल माझ्या पोरीचं. ती सगळ्यांच्या आधी येणार." काकू म्हणाल्या, "इथे आधी नि नंतर नसतं रे बाबा. ज्याला भूक लागली त्याचं पहिलं." तू हसलास.

बर्फ कडक म्हणून तू इल्वाच्या स्कींना नळीतलं चिकट मेण लावलं होतंस. त्या बर्फाला तेच बरोबर होतं. बाकी सगळ्या पोरांच्या स्की तळाला केसाळ पट्टीच्या, त्यांना मेण नको की काही नको. तू त्यांच्याकडे बघून म्हणालास, "ही काय स्की आहे? बूट घालून मांजरावर उभं राहायचं." पोरं खिदळली. इल्वाही.

आणि मग बर्फ पडायला लागलं. मोठं, ओलं, भुरभुर.

तुला माझ्याआधी कळलं. तुझा चेहरा मी पाहिला. चिकट मेणाला नवं बर्फ धरून गोळे होतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी म्हटलं, "काढून टाक ते. तुवाच्या घरची जुनी जोडी आहे गाडीत, इल्वाला बसेल."

"माझी पोर उसन्या स्कीवर धावणार नाही."

"हालवर, मजेचा दिवस आहे."

"तुझा असेल."

शिटी वाजली, पोरं निघाली. तुझ्या हातमोज्यात काय होतं ते मी तेव्हा पाहिलं नाही. बाबांचं शर्यतीची वेळ मोजायचं घड्याळ होतं. ते अजून तुझ्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं.

तुला आठवतं, आपल्या वेळी मुलांच्याही शर्यतीत वेळ लावायचे? आठ वर्षांचा होतास. सुरुवातीच्या रेषेवर उभ्या उभ्या तुझी पँट ओली झाली आणि बाबांना दिसू नये म्हणून तू तोंडावर पडल्याचं सोंग केलंस, मुद्दाम बर्फात लोळलास. जिंकलास त्या दिवशी. लोळण्यात गेलेल्या वेळेचा हिशेब तरीही झालाच, कोठारात. हा मजेचा दिवस मी सुरू केला तो त्या पँटीसाठी. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. ना घड्याळ, ना नंबर, सगळ्यांना सारखंच पदक. कोणाही पोराला त्या रेषेवर भीती वाटू नये, एवढंच डोक्यात होतं.

तळ्यापर्यंत इल्वाच्या स्कीखाली वीतभर गोळे जमले. ती चालत होती, सरकत नव्हती. वाटेत तुवाची स्की निघून उताराला गेली. ती सहा वर्षांची, बसून रडायला लागली. इल्वा थांबली. खाली उतरून स्की आणली, बसवली, ती परत सुटली, तुवा परत पडली. शेवटी इल्वानं स्वतःच्याच काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि तुवाचा हात धरून पायी निघाली. राक्षसापाशी दोघींनी तोंडं वेडीवाकडी केली. तो हसला, मग त्यांच्या मागेमागेच शेपूट ओढत आला.

मैदानात शिरताना कोरेनं तुला हाक मारली, "अरे मेणाच्या मास्तरा! पोरीला स्की दिल्यास की उंच टाचांचे सँडल?"

सगळे हसले. मी पण हसले, हालवर. वाईट हेतूनं नाही. हसू आलं. तूही हसलास, दात दाखवून. मला वाटलं, निभावलं.

मग पोरं वॉफलच्या रांगेत गेली, मी शेंड्या काढायच्या म्हणून पहार घ्यायला खोपटाकडे वळले.

मला आधी आवाज आला. बाबांच्या वेळी स्कीच्या काठ्या बांबूच्या होत्या, त्यांचा आवाज बोदा यायचा. आताच्या काठ्या बारीक, त्या आधी शीळ घालतात आणि मग लागतात. पण मधलं थांबणं तेच होतं. मारायचं, थांबायचं, मोजायचं. तू मोजत होतास. इल्वा वाटेत थांबली तेवढा वेळ तू तिच्या पाठीवर परत करत होतास, जसा बाबा आपल्या पाठीवर करायचे.

"किती वेळ थांबलीस? सांग."

"तुवाची स्की गेली होती, बाबा."

"मी तुवाचं विचारलं का? किती?"

ती भिंतीला तोंड लावून उभी होती. हात वर, पंजे लाकडावर टेकलेले. असं उभं राहायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, हालवर. तिला सवय होती. ओठ फुटून भिंतीवर रक्ताची रेघ उतरली होती. तुझ्या एका हातात काठी आणि दुसऱ्यात बाबांचं घड्याळ.

मी हाक मारली नाही. हे मला पोलिसांना सांगायचंय, म्हणून तुलाही सांगते. 'थांब' म्हणायला वेळ होता. मी म्हटलं नाही. पहार दोन्ही हातांनी उचलली आणि तुझ्या कानाखाली घातली. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. तू गुडघ्यावर आलास, मग तोंडावर पडलास. बर्फ लगेच लाल झालं नाही, आधी गुलाबी झालं, मग लाल.

तुला सांगितलं असेल तसा तू खोपटाच्या पायरीवरून घसरला नाहीस. त्या पायरीवर बर्फच नव्हतं.

आणि अजून एक. तू खाली पडलेला, हलत नव्हतास, तरी माझा हात दुसऱ्यांदा वर गेला. मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तुझ्या जागी मला कोण दिसत होतं हे तुला सांगायला नको. इल्वा किंचाळली, "आत्या, नको! माझीच चूक होती!" आणि तुझ्या डोक्यावर आडवी पडली. ती मध्ये आली नसती तर हे पत्र वाचायला तू नसतास.

तिच्या ओरडण्यानं ओड्नीकाकू आल्या, मागोमाग कोरे, तसाच कातड्यात. काकूंनी काठी पाहिली, पहार पाहिली, पोरीची पाठ पाहिली. आत जाऊन लाल सरबताचं मोठं पातेलं आणलं आणि गरम गरम त्या रक्तावर ओतलं.

"पोरं येतील बघायला. सरबत सांडलं म्हणा." मग तुझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पायरी निसरडी होती."

"मी स्वतः पाहिलं ना घसरताना," कोरे म्हणाला. तुला उताणं करताना त्याची शेपूट त्या सगळ्यात भिजली.

वॉफलचं पीठ जसं न सांगता प्रत्येक घरून येतं, तसं ते खोटं जमत गेलं. एकानं पायरीवर पाणी ओतलं, एकानं राख टाकली. एकानं पहार धुऊन माझ्या गाडीत ठेवली. मी नुसती उभी होते. अँब्युलन्स गेली आणि बक्षिसं वाटली गेली, सगळ्यांना सारखी पदकं. इल्वानं फुटक्या ओठानं पदक घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. इतक्या प्रेमानं इतकं न पाहणं आपल्या गावालाच जमतं.

माझ्याबाबतीतही ते प्रेमच होतं, मला कळतं. काकू दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "तोरुन, तू आता गप्प राहा. तो घसरला. देवानं घसरवला म्हण हवं तर."

मी विचारलं, "आणि तो परत आला की इल्वा कुठे जाईल, काकू?"

त्या टोपी नीट करत बसल्या. "घाबरलाय ना आता. सुधारेल."

"कशाला घाबरलाय? पायरीला?"

त्यावर काकू उठून गेल्या.

मी तरी गप्प राहिले. खोटं सांगत नाही, चांगलं वाटत होतं गप्प राहणं. तुरुंग नको, चौकशी नको. तू शनिवारी सुटणार, कोरे तुला आणायला जाणार, इल्वाची पिशवी भरून ठेवायची. भरायलाही घेतली होती. ती स्वतःच आरशासमोर उभी राहून म्हणत होती, "बाबा घसरले. मी वॉफल खात होते." दोन-तीनदा म्हणून बघितलं, जीभ अडखळू नये म्हणून.

काल दुपारी मी चुलीपाशी होते. अंगणात तिनं आपल्या कुत्र्याला, बुस्तेला हाक मारली. तो म्हातारा, कानानं अधू, कुंपणापाशी हुंगत राहिला. मी खिडकीतून पाहिलं. ती शांतपणे गेली, त्याचा पट्टा धरून त्याला भिंतीपाशी आणलं, त्याचं तोंड भिंतीकडे केलं. हातात स्कीची काठी. मारलं, थांबली. मारलं, थांबली.

"किती वेळ लावलास? सांग. किती?"

आवाज तुझा होता. तुझा नव्हे, बाबांचा. मी बाहेर धावले, काठी हिसकावली, आणि हालवर, ती काठी माझ्या हातात येताच माझी मूठ कशी वळली ते तिनं पाहिलं. पोर आपणहून वळली आणि भिंतीला पंजे टेकून उभी राहिली. माझ्यासमोर.

काठी मी गुडघ्यावर मोडली. मग आम्ही दोघी त्या कुत्र्यापाशी बर्फात बसून राहिलो. तो तिचाच हात चाटत होता.

तिला तिथेच सांगितलं, की मी खरं सांगणार आहे. तिची पाठ, तुझी काठी, माझी पहार, सगळं.

"मग तुला पकडतील?"

"पकडतील कदाचित."

"मग मी कुठे राहू?"

या एका प्रश्नासाठी मी पाच दिवस गप्प होते, हे तेव्हा मला कळलं. म्हटलं, "माहीत नाही. ओड्नीकाकूंकडे, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे. पण जिथे भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागत नाही, अशा घरात."

"काकू घोरतात," ती म्हणाली. आणि मग, "बाबांना सांगू नको मी बुस्तेला मारलं." ते मी सांगितलंय. पहिल्याच दिवशी तिचा विश्वास मोडला. पण हे तुला ठाऊक असायलाच हवं, कारण बाबा गेले तेव्हा त्यांच्यासोबत काय गेलं नाही, हे तुझ्या-माझ्याशिवाय आणखी कुणाला कळणार?

हे पत्र पेटीत टाकून मी ठाण्यात जाते. मुलांच्या संरक्षणाच्या कचेरीतली बाई उद्या इल्वाची पाठ बघायला येतेय, वळ अजून आहेत. कोरेला मी सांगून आलेय. तो गोठ्यात बादलीवर बसून रडला, म्हणाला, "माझ्या त्या थट्टेमुळे." मी म्हटलं, "थट्टेनं कोणी काठी उचलत नाही." तो खरं सांगेल. काकूंचं माहीत नाही. बाबांचं घड्याळ बर्फात सापडलं, चालू होतं. तेही देणार आहे.

तू माझ्यावर फिर्याद कर. तुझा हक्क आहे, मी नाही म्हणणार नाही. फक्त तुझ्या बाजूनं बोलताना त्या ओल्या पँटीतल्या पोराला एकदा विचार, त्याला कुणाच्या बाजूनं बोलायचंय.

आता तुझं उत्तर. इल्वा कितवी आली, विचारलंस. शेवटची आली. तुवाचा हात धरून, स्की खांद्यावर टाकून, पायी. केसांत बर्फ होतं आणि ती हसत होती, मोठ्यानं, तोंड उघडून, तिची आई मारेन हसायची तशी. मारेन गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तूही पाहिलंस, झाडाआडून. तुला आठवणार नाही, म्हणून सांगते.

तू लवकर बरा व्हावास आणि तिच्या दाराशी येऊ नयेस, या दोन्ही गोष्टी देवाकडे एकाच श्वासात मागणारी,

तुझी ताई,
तोरुन