दांड्याचं वजन

बाबा, आज पिकअपला मागे हुक बसवून घेतला. आपली दोन चाकांची जनरेटरची ट्रॉली आता तीच ओढणार, आणि पिकअप चालवणार तुमची नात. ड्रायव्हर गावी गेला तो परतला नाही, यांचे गुडघे गेले, राहिलं कोण? पहिलीच ऑर्डर अकलोलीला, लग्नाच्या हळदीची. सकाळपासून मी मानकोलीच्या वेल्डरकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते आणि नुसती बसूनच थकले. हुक बंपरला नको, चासीलाच धरा, साखळ्या खालून फुली मारून घ्या, ट्रॉलीचे लाल दिवे ब्रेकबरोबर लागतात का बघा. बोलत मी होते, शब्द तुमचे होते.

तुम्ही मला या कामात कधी घेतलं नाहीत. एक दिवस तेवढा आठवतो. मी कॉन्व्हेंटमधून आलेय, पायात पांढरे मोजे, आणि तुम्ही म्हणताय, "ये, ट्रॉलीच्या दांड्यावर बस. दप्तर घेऊनच बस." मी बसते, ट्रॉलीचं नाक खाली जातं, तुम्ही खुशीत डिझेलची पिंपं पुढे सरकवता. "दांडा उचलताना हाताला जड लागला पायजे. हलका लागला की समज, ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवनार." आई स्वयंपाकघरातून म्हणते, "तिचे मोजे काळे झाले तर सिस्टर मला बोलतील, तुम्हाला न्हाय." तुम्ही हसता. पुढे मी स्टेअरिंग मागितलं तेव्हा मात्र हसला नाहीत. "तू इंग्रजी बोल. ह्यो धंदा माझ्यापाशी संपू दे." तो संपला नाही, बाबा. तुम्ही गेलात आणि तो माझ्याकडे आला.

आज ट्रॉली जोडण्याआधी मी दांडा उचलून पाहिला. एका हाताने वर आला. नवा जनरेटर अगदी मागच्या कडेला बसवला होता, मांडववाल्यांना वायरी जोडायला सोपं जावं म्हणून. वेल्डर म्हणाला, "आंटी, इतना चलता है. सब ऐसेच ले जाते हैं." मी म्हटलं, "खोलो." पोरगी चिडली. "आई, हळद काय तुझ्यासाठी थांबणार आहे? दुसऱ्याला बोलावतील ते." मग हळूच म्हणाली, "आजोबांनी तुला घरी बसवलं, आता तू मला बसव." वेल्डर खाली मान घालून बोल्ट सोडवत राहिला.

जनरेटर पुढे आला, नवी भोकं पाडली. पोरीने दांडा दोन्ही हातांनी धरला, दात-ओठ खाऊन जेमतेम उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. आता माझ्याकडे नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. मी किल्ली दिली. ती गेली, ट्रॉली तिच्यामागे शेपूट न हलवता वळली. हळदीवाल्यांचे दोन फोन आले, मी "निघालीय" म्हणून सांगितलं.

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. दांडा एका हाताने वर आला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं, पोरीला थांबवायला कारण मिळालं म्हणून.