सकाळीच पाठवायला हवं होतं

पलूस, सोमवार, संध्याकाळ

आज मानेकाकू दवाखान्यात आल्या. त्यांचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले, मागच्या आठवड्यात एका सकाळी पोटदुखी घेऊन माझ्याकडे आले होते. पोट हाताला फळीसारखं घट्ट लागलं. तरी पित्ताचं इंजेक्शन देऊन मी त्यांना दुपारपर्यंत ठेवून घेतलं. का? ते हसून "लय न्हाई दुखत" म्हणाले म्हणून? फळीसारखं पोट म्हणजे आत काहीतरी फुटलंय, एवढं मला कळत नव्हतं? बीपी घसरल्यावर सांगलीला पाठवलं. ऑपरेशन झालं, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी गेले.

आणि काकू माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तुमी लगेच धाडलं म्हणून तीन दिस तरी मिळालं."

राहवलं नाही. म्हटलं, "लगेच नाही, काकू. सकाळीच पाठवायला हवं होतं. चूक माझी."

त्यांनी हात सोडला. मग म्हणाल्या, "आदल्या रातभर तळमळत व्हते वो. तुमी तपासत व्हता तवा मी भाईरच बसले व्हते. मला का न्हाई इचारलं?"

त्यानंतरच्या प्रत्येक रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला आज मी आत बोलावलं.